पायातली गाठ

मंगळवार, ११ फेब्रुवारी. ऑपरेशनचा एकूण अंदाजे खर्च दोन लाख चौदा हजार सातशे पन्नास. फिकट निळ्या कागदावर छापलेला तो आकडा टाचणीने तीनदा वाचला, कागदाची बरोबर मधोमध घडी घातली आणि तो गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत ठेवून दिला.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौदाव्या वर्षी शिवण शिकायला गेली तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं, डोकं तेवढं मोठं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए टाचणी, पुढे ये." ते नाव सासरपर्यंत मागोमाग आलं. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका शिलाईच्या दुकानात सव्वीस वर्षं लोकांच्या कमरा मोजत होती. कटाईचं टेबल उंच खिडकीपाशी होतं. दुपारी इस्त्रीची वाफ उन्हात वर चढे, कापडाची बारीक लव तीत तरंगत राही आणि समोरच्या आरशात सगळं दुकान पाण्याखाली गेल्यासारखं दिसे. त्या आरशात तिने हजारो बायका वळताना, श्वास आत घेताना, स्वतःवर खूश होताना पाहिल्या होत्या. स्वतः मात्र ती आरशाला पाठ करून उभी राही.

कारण तिचं पोट. जुळ्या मुली झाल्यावर पोटाची कातडी जी सुटली ती सुटलीच. रिकाम्या पिशवीसारखी मांड्यांवर लोंबत राहिली. टाचणीने जेवण कमी केलं, जिने चढली, वजन उतरवलं. कातडी जागची हलली नाही. कापड एकदा ताणलं गेलं की इस्त्रीने परत येत नाही, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. गेली वीस वर्षं ती स्वतःसाठी खांद्यापासून सरळ खाली पडणारे झगे शिवत होती. कंबर असलेला एकही नाही.

महिनाभर आधी मोठ्या नणंदेने एका दुपारी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "टाचणी कसली गं आता? टाचण्यांची उशी झालीस!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने टाचणी हसली. आणि त्याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनची वेळ घेऊन आली.

दवाखान्यातल्या मुलीने फॉर्म भरून घेतला. "पूर्वी काही आजार?"

"पायात गाठ झाली होती. डाव्या. बरी झाली."

मुलीने तसंच लिहिलं. सर्जनने ते वाचलं आणि मान हलवली. "चरबीची असेल. असतात अशा." आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

टाचणीने तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

ती गाठ चरबीची नव्हती. नऊ वर्षांपूर्वी दुकानाच्या जिन्यावरून पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तरी पोटरी सुजलेलीच. तपासणीत कळलं की आतल्या शिरेत रक्त गोठलंय. डॉक्टर म्हणाले होते गुठळी. पण घरात शब्द रुळला तो गाठ. "वहिनींच्या पायात गाठ झालीय," असंच सगळ्यांना कळवलं गेलं. सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतल्या, सूज गेली, विषय संपला. शब्द तिने मुद्दाम निवडला नव्हता. पण सर्जनची मान हलली तेव्हा तो सोयीचा ठरला हे तिला कळलं होतं. दोऱ्याला गाठ, पदराला गाठ, अंगात गाठ. एवढ्या गाठींत एक कुठे लपली तर लपली.

त्यानंतर तिला एक स्वप्न पडू लागलं. पायातून एक लाल दोरा वर वर सरकतोय, गुडघ्यातून, मांडीतून, कुणीतरी दुसरं टोक हळूहळू ओढतंय. दुखत काही नव्हतं. दोऱ्याला एक गाठ होती आणि ती सुईच्या भोकापाशी येऊन थांबायची.

ऑपरेशनला तीन दिवस उरले असताना दुपारी दुकानात फोन वाजला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. आवाज मऊ, प्रश्न एकामागून एक. दात खोटे आहेत का, घोरता का, जिना चढून दम लागतो का.

"आणि ही डाव्या पायातली गाठ. ऑपरेशन करून काढली ना?"

एका शब्दाचं काम होतं. हो. एवढं म्हटलं की तीन दिवसांनी ती टेबलावर असती. मापाची टेप तिच्या गळ्यात होती. वाफ वर जात होती. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कमरेचं माप अर्धा इंच कमी सांगणारे शिंपी तिने पाहिले होते. तिने स्वतः ते कधी केलं नव्हतं. खोट्या मापाचा कपडा पहिल्याच दिवशी उसवतो.

"काढली नाही," ती म्हणाली. "गोळ्यांनी गेली. विरघळली."

"बाई, चरबीची गाठ गोळ्यांनी विरघळत नाही. ही रक्ताची गुठळी होती का?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. गाठ म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुम्ही आत्ता जे बोललात ना, त्याने तुमचा जीव वाचला असं समजा. मी हे पुढे ढकलतेय."

घरी नणंद आलेली होती. "बरं झालं! देवाने दिलंय ते शिवून घ्यायला निघाली होती."

"वन्सं, तुम्ही दात बसवून घेतलेत ते कुणी दिलेले?" टाचणीने विचारलं.

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यांत दोरखंड तपासून बोलणं कमी झालेला माणूस. तो पानावरून मान न उचलता म्हणाला, "दोर तपासल्याशिवाय आम्ही माणूस चढवत नाही. तपासून घे. मग चढ."

रक्तविकारांचे डॉक्टर म्हातारे होते आणि घाई हा शब्द त्यांना माहीत नव्हता. आई कशाने गेली, भावाबहिणींत कुणाला असं झालं का, मुली होताना काय झालं, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन मोठं. माणूस पडून राहतो, पोट आवळलेलं असतं, पायांतलं रक्त रेंगाळतं. गुठळी झाली आणि सुटून फुप्फुसात गेली, तर श्वास अडतो. ज्याला एकदा झाली त्याला धोका जास्त. म्हणून नाही म्हणायचं असं नाही. म्हणून नीट करायचं."

नीट म्हणजे काय ते त्यांनी सावकाश सांगितलं. पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. घामाच्या झळांसाठी ती ज्या हार्मोनच्या गोळ्या घेत होती, त्या बंद झाल्या. झळा परत आल्या आणि कटाईच्या टेबलावर ती बर्फाच्या पाण्याचा पेला ठेवू लागली. रोज चालणं. आणि सर्जनला त्यांनी पत्र लिहिलं: पोटाची कातडी काढा, पण कमरेची चरबी ओढून काढण्याचं दुसरं काम त्याच वेळी नको. जितका कमी वेळ भुलीत, तितकं बरं.

सर्जनने पत्र वाचून चष्मा काढला. "त्या दिवशी मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता," ते म्हणाले. "कंबर मनासारखी होणार नाही, पण. चालेल?"

टाचणीने सव्वीस वर्षांत किती बायकांना सांगितलं होतं की एवढ्या कापडात एवढंच बसेल. "चालेल," ती म्हणाली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती टेबलावर आडवी झाली. पायांत घट्ट मोजे, त्यांवरून पोटऱ्यांना गुंडाळलेल्या दोन पिशव्या. मशीन त्यांत हवा भरे, सोडे, भरे, सोडे. जणू कुणी पायाशी बसून हलकेच पाय चेपतंय. सर्जनने तिच्या पोटावर पेनने रेषा आखल्या होत्या. तिने मान उचलून पाहिलं. रेषा सरळ होत्या. हाताला सवय दिसत होती.

"डॉक्टर, थोडी माया ठेवा."

"कसली माया?"

"शिवणीच्या आत सोडतात ना जास्तीचं कापड. ती. उद्या वाढले, तर उसवता येईल."

"अहो, मी उसवून देत नाही!"

डॉक्टरीणबाई मुखवट्याआडून हसल्या. ते हसू छतावरच्या दिव्याभोवती फिरत राहिलं आणि दिवा उंच खिडकी झाला. वाफ वर जात होती. टेबलावर एक प्रचंड पांढरं कापड पसरलं होतं, त्याला किनारच नव्हती, आणि ती त्यावर अनवाणी चालत होती. पोटऱ्या कुणी दाबत होतं, सोडत होतं. लाल दोरा होता, पण त्याला गाठ नव्हती. तो सुईच्या भोकातून गेला, जातच राहिला, आणि तिला वाटलं, हा कुठवर जातोय ते बघायला थोडं थांबावं.

"उठा बाई. चालायचंय."

संध्याकाळ झाली होती. नर्स तिला धरून उभी होती. टाके ताणू नयेत म्हणून कमरेत वाकून चालायचं. पट्टा बांधलेला, पाठ काटकोनात. वऱ्हांड्यात नणंद बसली होती. ती वाकून चाललेली टाचणी तिने बघितली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा पडला.

"गमतीत बोलले होते गं मी," ती म्हणाली.

"माहितेय. हात द्या. गमतीने चालता येत नाहीये."

घरी गेल्यावर रोज एक इंजेक्शन, अठ्ठावीस दिवस, मांडीत. दहा मजल्यांच्या बोगद्यात लोंबकळणारा नवरा सुई बघून पांढराफटक पडायचा, डोळे मिटून टोचायचा आणि तिलाच विचारायचा, "झालं?" दर दोन तासांनी ती घरातल्या घरात फेऱ्या मारी. आरशासमोरून जाताना आता ती थांबे. पट्ट्याआड काय आहे ते नीट दिसत नव्हतं, पण झगा पहिल्यांदाच पुढून सपाट पडत होता, आणि ती बघत राही, जसं परक्या बाईकडे बघावं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी डावी पोटरी दुखू लागली. फार नाही. आत कुणी चिमटा काढून धरल्यासारखी. घरात ती एकटी होती, खिडकीचा पडदा हलत होता, इतकं शांत होतं की हे स्वप्नातलंच दुखणं वाटलं. बसून राहावं, जाईल आपोआप, असं मनात आलं. ते जेमतेम आलं आणि तिने दवाखान्यात फोन लावला.

"माझ्या पोटरीत दुखतंय. गाठ नव्हे. गुठळी असेल. पूर्वी झालेली आहे."

"लगेच या. थांबू नका."

ती जिन्यावरून वाकून उतरली आणि रस्त्यावर पहिली दिसली ती टॅक्सी थांबवली. टॅक्सीवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि सगळे खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता नेलं. पर्समध्ये पस्तीस रुपये कमी भरले. "राहू द्या मावशी, आधी आत जा," तो म्हणाला.

सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने थंड जेल लावलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत यंत्र फिरवलं. पडद्यावर तिच्या शिरा काळ्या ओढ्यांसारख्या दिसत होत्या. मुलगी दाबे, ओढा मिटे; सोडे, पुन्हा भरे. टाचणीने श्वास धरला होता.

"सगळ्या मिटतायत," मुलगी म्हणाली. "म्हणजे आत काही अडकलेलं नाही. वाकून चालून स्नायू आखडलाय."

टाचणीने श्वास सोडला. बाहेर आली तेव्हा टॅक्सी गेलेली होती. त्या टॅक्सीवाल्याचे पस्तीस अजून द्यायचे आहेत.