कापसाखालची तिजोरी

पिशोरच्या माझ्या काकांना तिजोरी घ्यायची होती. मी शहरात राहतो, म्हणून दुकान दाखवायला त्यांनी मला धरलं. माझं ऐकायचं असा काही बेत नव्हता. काकूंना त्या तिजोरीत एकच वस्तू ठेवायची होती, लहानपणीच गेलेल्या लेकीचा एकुलता एक फोटो. घरातल्या उंदरांची त्यांना धास्ती होती.

शहरात, औरंगपुऱ्यातल्या दुकानात काकांची परीक्षा सुरू झाली. एकेक तिजोरी त्यांनी बोटांनी वाजवली, लाथ घातली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली. बैल घेतानासुद्धा माणूस याहून जास्त डोकं चालवतो. त्यांना पसंत पडलेल्या धुडाच्या दारावरची पट्टी मी वाचली. चोराला ती फोडायला किती वेळ लागेल, एवढंच तिच्यावर होतं. आगीची पट्टी वेगळी असते. बाहेर जाळ असताना आतला कागद किती मिनिटं टिकेल, ते ती सांगते. ती शेजारच्या, दिसायला किरकोळ तिजोरीवर होती. मी तसं सांगितलं.

"लोखंड जळतंय व्हय रे?" काका म्हणाले.

आपल्याच मालावरची पट्टी जन्मात न वाचलेला दुकानदार खो खो हसला. "पढे-लिखे लोगां, काका!"

माझं टाळकं सरकलं. मरा तिकडं, असं मनात म्हणून मी काकांना तेच धूड घेऊ दिलं.

गावी ते धूड ठेवलं कुठं? भाव वाढेल म्हणून खोलीत साठवलेल्या कापसाच्या ढिगाखाली. चोराला दिसू नये म्हणून! वर कापूस लोटायच्या आधी काकूंनी फोटो हातात धरून मला विचारलं, "ठिवू ना रं यात?"

"काकांना विचारा," मी फणकारलो. माझ्या खिशात मोबाईल होता. त्या फोटोचा फोटो काढायचं मला सुचलंही नाही, इतका मी माझ्या अपमानात गुंग होतो.

उन्हाळ्यात एका दुपारी वायर जळाली आणि कापूस पेटला. सगळं विझून गार झाल्यावर, मी गावी पोचलो तेव्हा, तिजोरी उघडली. दार शाबूत, कुलूप शाबूत. आत काकांची अंगठी होती आणि चिमूटभर राख.

"पण लोखंड जळलं नाय बघ," काका म्हणाले. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

काकू राखेकडं बघत होत्या. "तुला ठावं व्हतं ना रं?"

"हो," मी म्हणालो.

काकांना निदान ठाऊक नव्हतं.