निळी गाडी उमरेडला नेली तेव्हा

गाडी ताब्यात घ्यायला गेलो त्या दिवशी शोरूममधल्या विक्रेत्याने किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. "सर, जरा इकडे उभे राहा, फोटो घेतो." नवऱ्याने किल्ली लगेच माझ्याकडे केली. "गाडी मॅडमची आहे. मला चालवता येत नाही, मी बाजूला बसणार." विक्रेता गोंधळला. मागचे वीस दिवस तो इंजिन, टॉर्क, गिअर असं सगळं यांनाच समजावत होता, आणि गणिताचे प्राध्यापक असलेले हे मान डोलावत ऐकून घेत होते.

मी पाच फूट उंचीची आहे. गाडी माझ्याहून बरीच उंच, रंगाने गडद निळी, सात जणांची. सीट वर करायचं बटण मी शेवटपर्यंत दाबून धरलं, तेव्हा कुठे बॉनेटचं टोक दिसायला लागलं. अकरा वर्षं मी छोटी पांढरी गाडी चालवली. सिग्नलला थांबलं की समोर नेहमी कुठल्यातरी मोठ्या गाडीचा बंपर. एवढी मोठी कशाला, असं ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी सांगितलं की आईबाबा आहेत, सासूबाई आहेत, सगळे एकत्र जाता येतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण एवढंच, की मला ती हवी होती. बावीस वर्षं धंतोलीत, शहरातल्या दवाखान्यांच्या वस्तीत, फिजिओथेरपी करते आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून व्हीलचेअरवर आलेली माणसं माझ्याकडून स्वतःच्या पायांनी बाहेर गेली आहेत. ही गाडी त्या कामातून आली, आणि तसं म्हणताना मला संकोच वाटत नाही.

पहिला आठवडा मात्र अवघड गेला. धंतोलीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना ऑटो, ॲम्ब्युलन्स, औषधांच्या दुकानांपुढे लावलेल्या बाइक. गाडीचे सेन्सर सतत टूं-टूं करत राहायचे आणि माझे खांदे कानापर्यंत चढायचे. मी दिवसभर लोकांना खांदे सैल सोडा म्हणून सांगते! आमच्या इमारतीत पार्किंगच्या जागेला लागून एक खांब आहे. पहिल्या संध्याकाळी त्या खांबाने माझा घाम काढला. चौकीदार दोनदा येऊन म्हणाला, "मॅडम, मी लावून देऊ का?" दोन्ही वेळा मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा तो नुसता बघत उभा राहिला, आणि गाडी एकदाची आत गेली तेव्हा "जमलं बरं" म्हणाला.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं उमरेडला निघालो. माझं माहेर तिथलं, घर विणकरांचं. बाबांनी चाळीस वर्षं हातमागावर धोतरं आणि लुगडी विणली. आता माग नाही. उमरेड रोडला कोळशाचे ट्रक एकामागे एक असतात. छोट्या गाडीतून त्यांची फक्त चाकं दिसायची. या वेळी मी त्यांच्या ड्रायव्हरांच्या जवळजवळ बरोबरीने बसले होते. एकाने माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. मी सिग्नल देऊन त्याला मागे टाकलं. हे म्हणाले, "हळू." पण हसत होते.

आमची गल्ली अरुंद आहे. घरांचे ओटे दोन्हीकडून पुढे आलेले. मी तोंडाशी थांबले, आरसे पाहिले, धीर झाला नाही. गाडी मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत लावली. बाबा काठी टेकत तिथवर आले.

"आत काहून नाही आणली?"

"बाबा, बसत नाही गल्लीत."

"बसते. लोकायले दिसली पायजे न दारात." त्यांचा हिरमोड झाला होता.

आई पूजेचं ताट घेऊन आली. बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढायचं तर तिचा हात पोचेना. शेजारून स्टूल आणलं, ती त्यावर चढली आणि तिने चांगलं वीतभर मोठं स्वस्तिक काढलं. मग बाबांना आत बसायचं होतं. मागाच्या पावड्या पायांनी दाबून दाबून त्यांचे गुडघे गेलेले, आणि गाडीची पायरी उंच. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "सांग नुसतं. कोनता पाय आधी?" मी म्हटलं, "उजवा वर." दांडी धरून, उजवा पाय आधी टाकून ते वर चढले आणि बसले. बसल्याबरोबर त्यांनी सीटच्या कापडावरून अंगठा फिरवला, कोपऱ्याशी दुमडून पाहिलं.

"मशीनचं आहे," ते म्हणाले. "पण वीण घट्ट आहे. टिकन."

बाबांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आम्ही घरी येऊन चहा घेतच होतो, तेवढ्यात शेजारच्या घरातून आरडाओरडा झाला. शेजारी माझी आत्या राहते, बाबांची मोठी बहीण. पंच्याहत्तरीची, एकटीने सगळं करणारी. मुलगा खाणीत ड्युटीवर, सून माहेरी गेलेली. आम्ही धावलो. ती न्हाणीत घसरून पडली होती. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. असे पाय मी इतके पाहिले आहेत की मला हात लावायच्या आधीच कळलं. खुब्याचं हाड.

"काही नाही झालं," आत्या म्हणाली. "मले उठवा फक्त."

"आत्या, तू हलायचं नाही."

ह्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या गावी पेशंट घेऊन गेली होती, तास-दीड तास लागेल असं कळलं. मी धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचे कितीतरी पेशंट ऑपरेशननंतर माझ्याकडे येतात. त्यांनी पायाच्या घोट्याशी नाडी लागते का विचारलं. लागत होती. "तुमची गाडी मोठी आहे म्हणता ना? मग सीट पाडून आडवी आणा. दोन पायांमध्ये उशा, वरून बांधा. काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. फक्त गाडी दीडशे पावलांवर होती आणि एवढ्या लांब तिला चादरीवर उचलून नेणं म्हणजे प्रत्येक पावलाला तो पाय हलणार. गाडी दारात आणायला हवी होती, आणि तीही उलटी, म्हणजे मागचं दार आत्याच्या ओट्यासमोर उघडेल.

मी किल्ली घेऊन निघाले. बाबा मागोमाग आले. मी आरसे मिटवले, रिव्हर्स टाकला. पडद्यावर गल्ली दिसत होती, हिरव्या-पिवळ्या रेघा दिसत होत्या, आणि त्यांच्या मध्ये काठी धरून उलटे चालणारे बाबा. सेन्सर सगळीकडून ओरडत होते. मी ते बंद केले आणि काच खाली केली.

"डावीकडे घे," बाबा ओरडले. "आनखी. आता सरळ. ये. ये. येऊ दे."

लोक ओट्यांवर चढून उभे राहिले. कोणी सायकल आत ओढली, कोणी पाण्याचा ड्रम सरकवला. मध्ये एका दगडी ओट्याशी गाडी खर्रकन घासली. मी ब्रेक दाबला. बाबांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काठी हलवली. "थांबू नको. ये." गाडी आत्याच्या दारात मागचं तोंड करून उभी राहिली तशी मी उतरून मागचं दार उघडलं.

मागच्या दोन्ही रांगा पाडल्या, सपाट जागा झाली. तिच्यावर गादी घातली. आत्याच्या पायांमध्ये उशा ठेवून मी आईच्या दोन जुन्या लुगड्यांनी पाय बांधले. चौघांनी जाड चादरीचे कोपरे धरले, मी पाय धरले, आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम उचललं. आत्या एकदाच ओरडली. आत ठेवल्यावर डोळे मिटून पडून राहिली, मग छताकडे पाहून म्हणाली, "बापरे, खोलीच आहे वं ही."

आई तिच्या उशाशी बसली, हे पायाशी. बाबा माझ्या बाजूला. परतीचा रस्ता मी फार सावकाश कापला. सकाळचाच रस्ता, पण आता मला प्रत्येक खड्डा लांबूनच दिसत होता. ट्रक पुढे गेले, जाऊ दिले. मागून आत्याचा आवाज येत होता. कधी कण्हायची, कधी आईला सांगायची की गॅस बंद केला का बघा, आणि एकदा म्हणाली, "कोन चालवून राह्यलं?"

"तुमची भाची," आई म्हणाली.

"मंग ठीक आहे."

धंतोलीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. रविवार असूनही गल्ली भरलेली. पहिला आठवडाभर जिला मी भीत होते, त्याच गल्लीत मी हॉर्न न वाजवता गाडी घातली आणि दवाखान्याच्या उताराशी लावली. स्ट्रेचर येईपर्यंत बाबा गाडीतच बसून होते. समोर पाहत म्हणाले, "चांगली चालवते तू." आयुष्यात त्यांनी माझं तोंडावर केलेलं बहुधा हे पहिलं कौतुक. दहावीत शाळेत पहिली आले तेव्हाही ते "बरं" म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. आत्या आमच्याकडेच राहिली. तिला वॉकरवर मीच उभी केली, मीच चालवली, आणि माझ्या सगळ्या पेशंटांपेक्षा जास्त शिव्या तिने दिल्या. दरवाजावरचा ओरखडा मी पुढच्याच आठवड्यात बुजवून घेतला. आठवण म्हणून ठेवावा वगैरे काही वाटलं नाही. नवी गाडी आहे माझी.

दीड महिन्याने तिला घरी सोडायला गेलो. या खेपेला सातही सीटा भरल्या होत्या: आम्ही दोघं, आत्या, आणि तिला न्यायला आलेले आईबाबा, तिचा मुलगा आणि सून. आत्या पुढे बसली. मागे बसणार नाही म्हणून तिने सकाळीच बजावलं होतं. उमरेडात शिरताच तिने काच खाली करायला लावली आणि पदर नीट केला.

"बाजारातून घे."

"आत्या, लांब पडेल. गर्दी असेल."

"पडू दे. असू दे गर्दी."

मी गाडी बाजाराकडे वळवली. भाजीवाल्या, कापडाची दुकानं, ओळखीचे-अनोळखी चेहरे. आत्या कोणाकोणाला हाका मारत होती, पाय बरा झाल्याचं सांगत होती आणि प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होती, "ही आमची. हिची गाडी आहे, हीच चालवते." मागून हे म्हणाले की रस्ता मोकळा झालाय, आता जरा वेगात घे. मी ऐकलं नाही. पहिल्या गिअरमध्ये, खांदे सैल सोडून, मी सगळा बाजार पार केला.