अक्काची नको-वही

त्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही सातजणी अक्काच्या वर्गात आपापल्या सायकलींवर बसून होतो आणि आठवी सायकल रिकामी होती. अक्काला उशीर होणं हेच मुळात न घडणारं. कोणी म्हणालं, पाहुणे आले असतील. कोणी म्हणालं, स्कूटी पंक्चर झाली असेल. मी मात्र हँडल घट्ट धरून बसले होते, कारण माझ्या छातीत तोवर धडधड सुरू झाली होती. मग फोन वाजला. अक्काचा मुलगा होता. "मामी... आई उठून नाही राहिली," एवढंच तो बोलला. झोपेतच हृदय थांबलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, शकुंतला. शाहपूरच्या शाळेत पोरींना पी.टी. शिकवून निवृत्त झाली आणि घरात बसून राहणं तिला जमेना. एक जिम बंद पडत होती, तिथल्या जागच्या जागी फिरणाऱ्या आठ सायकली तिने उचलल्या, शनवारा भागात एका कापडदुकानाच्या माडीवर मांडल्या आणि बायकांचा वर्ग सुरू केला. इतक्या सायकली मारून पोचणार कुठे, म्हणून दुकानदार हसला. "कुठीच नाही. चहाच्या टाइमाले घरी," अक्का म्हणाली.

मी त्या वर्गात गेले ती निव्वळ भीतीपोटी. माझे यजमान, म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ, टीव्हीसमोर बसल्या बसल्या गेले. त्यानंतर मला माझंच हृदय ऐकू यायला लागलं. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, कुठेही मी मनगट दाबून ठोके मोजायची. डॉक्टर म्हणाले, सगळं ठणठणीत आहे, जरा घाम गाळा. पण घाम आला की धडधड आणि धडधड झाली की वाटायचं, आली आपली वेळ! अक्काने हे ऐकून घेतलं आणि हाताला धरून मला सायकलवर बसवलं. "कशाले भेते इतकी, सुमन? मी हाये ना."

पहिल्या दिवशी तिने वजन विचारलं नाही की वय विचारलं नाही. एक लांबट वही उघडून म्हणाली, "कोनतं गानं नको, ते सांग पहले." ही तिची नको-वही. प्रत्येकीचं एक पान. एकीला लग्नाच्या बँडचं एक गाणं नको होतं, कारण ते वाजत असतानाच तिचे वडील मांडवात कोसळले होते. एकीला एका गाण्यावर मुलीची मोडलेली सोयरीक आठवायची. जसोंडीहून येणाऱ्या सुनंदाने एक गाणं लिहायला लावलं ते केवळ नवऱ्याला फार आवडतं म्हणून, आणि अक्काने तेही तितक्याच गंभीरपणे लिहून घेतलं. कारण ती कधी विचारायची नाही. "चांगलं गानं कोनीबी लावीन," ती म्हणायची. "कोनाच्या पोटात कशानं गोळा येते, ते वळखता आलं पाहिजे." मी म्हणाले, मला नको असं कुठलंच गाणं नाही. ते खरंही होतं.

नको ती गाणी काढून उरलेल्यांतून ती निवड करायची. खुर्चीवर बसून, फोन कानाशी धरून, हवेत पाय फिरवून बघायची. घड्याळ लावून पावलं मोजायची. शब्द कितीही गोड असले तरी पायाला ठेका सापडला नाही की गाणं बाद. सुरुवातीला हलकी तीन, मग चढाची. सगळ्यात अवघड गाण्याला ती डोंगरावरच्या किल्ल्यावरून असीरगड म्हणायची आणि शेवटच्या संथ गाण्याला नदीकाठावरून तापीचा घाट. असीरगड आला की माझे पाय आपोआप थांबायचे. अक्का समोरून बघायची, रागवायची नाही.

एकदा ऐन असीरगडावर वीज गेली. स्पीकर बंद पडला, पंखे थांबले आणि त्याच क्षणी मागच्या गल्लीतल्या पावरलूमची खडखडही थांबली. इतकी शांतता मी त्या माडीवर कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत फक्त माझं हृदय होतं. मी सायकलवरून उतरून भिंतीशी बसले. अक्काने बांगड्यांनी हँडलवर ठेका धरला, मोठमोठ्याने आकडे मोजले आणि वीज येईस्तोवर थांबली नाही. नंतर त्याबद्दल एक अक्षरही बोलली नाही.

आता ती गेल्यावर शनवाऱ्यात कुजबुज सुरू झाली. सायकल मारूनच गेली म्हणे. सातातल्या तिघी येणार नाही म्हणाल्या. मी त्यांना कोणत्या तोंडाने समजावू? मला स्वतःलाच तेच वाटत होतं. जिला जिने चढताना कधी धाप लागली नाही, तिचं हृदय असं थांबतं, तर माझं काय घेऊन बसलात! माडी सोडून द्यायची का, असं भाच्याने विचारलं आणि किल्ली, फोन, वही माझ्यासमोर ठेवली. मी हो म्हणणारच होते. सहज म्हणून माझं पान काढलं.

वर निळ्या शाईत होतं, "सुमन. काही नाही म्हणते." खाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं, "गाणं नाही. शांतता नको."

वीज गेली त्या दिवसानंतर वर्गात दोन गाण्यांमध्ये कधी खंड पडला नव्हता. एक संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं. मला वाटायचं, नव्या फोनची करामत असेल. आणि तापीचा घाट संपता संपता अक्का हमखास बोलायला लागायची, "चहा कोन टाकते गं?" किती बडबडी आहे ही, असं मी घरी येऊन सांगायची...

मग सगळी वही चाळली. अक्काचं पान त्यात नव्हतं. तिला काय नको होतं, ते आम्हा सातांपैकी एकीनेही कधी विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात ती डावा खांदा चोळत होती, तेही आम्ही पाहिलं होतं. आणि विचारलं नाही.

गेल्या सोमवारी माडी उघडली. चौघी आलो. अक्काच्या फोनमधली शेवटची यादी मी लावली आणि तिच्या सायकलवर बसायचा धीर झाला नाही म्हणून माझ्याच सायकलवर बसले. असीरगडावर छाती धडधडली, मी मनगट दाबलं, पाय मात्र थांबू दिले नाहीत. भीती गेली असं म्हणणार नाही, ती मांडीला मांडी लावून शेजारीच बसली होती. तापीचा घाट संपला. फोन गप्प झाला. शांतता आली आणि तिच्यात माझे ठोके. समोर सुनंदा डोळे मिटून हँडल आवळून बसलेली.

"चहा कोण टाकतं गं?" मी मोठ्याने विचारलं.