आधी गावाचे फोटो

चोपड्याच्या बाजारपेठेत कौतिकभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या खेड्यांतली लग्नं, बारशी, केळीच्या पहिल्या घडाशेजारी उभे राहिलेले शेतकरी, सगळं त्यांनीच टिपलं. त्यातलं कोणी गेलं, की फोटो मोठा करून घ्यायला घरचे त्यांच्याकडेच येत. डिजिटल कॅमेरा आल्यापासूनचं हे सारं कॉम्प्युटरच्या एकाच हार्ड डिस्कमध्ये होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती डिस्क टकटक वाजू लागली. फाइल उघडायला वेळ लागे, मधूनच स्क्रीन थिजून जाई. भाऊंनी जळगावहून नवी डिस्क आणली, कॅबिनेट उघडून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण त्यात नवी डिस्क दिसेचना. वायर बदलून पाहिली, तरी नाही. दर वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू करताना जुनी डिस्क उठेल की नाही, ही धास्ती असे.

अशातच सुगंधाबाई आल्या. त्यांचे मालक धनसिंग गेले होते आणि परवा त्यांच्या दिवसकार्यातली गंधमुक्ती होती; तिथे मांडायला फोटो हवा होता.

"आधारकार्डवरला फोटो नको, भाऊ. त्याम्हा त्या रागे भरेल दिखतस. पोरना लगीनम्हा हासी राह्यनथात, तो द्या."

भाऊंनी बाकीचं काम बाजूला ठेवलं. जुन्या डिस्कने बराच वेळ घेतला, पण फोटो उघडला. फेटा मागे सरकलेला, तोंडभर हसू. त्यांनी तो छापण्यासाठी लगेच पेन ड्राइव्हवर घेतला. सुगंधाबाई स्क्रीनकडे पाहत राहिल्या, मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमना गावना बठ्ठा लोकेसना फोटो तुमनाकडेच शेतस, भाऊ. संभाळा."

त्या गेल्यावर भाऊंनी धुळ्याला भाचीला फोन लावला. नूतन तिथे कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते.

"मामा, नव्या डिस्कला हात लावून बघा. थरथरतेय का?"

"नाही गं. गार पडलीय."

"मग तिला वीजच पोचत नाहीये. मशीन बंद करा आणि पॉवरची दुसरी पिन लावा."

दुसऱ्या पिनेवर डिस्क फिरू लागली. तरीही स्क्रीनवर तिचं नाव नव्हतं.

"कोरी आहे ना, म्हणून," नूतन म्हणाली. "डिस्क मॅनेजमेंट उघडा. काळ्या पट्टीची दिसेल ती नवी. तिलाच इनिशियलाइज करायचं, म्हणजे वापरायला तयार करायचं, मग फॉरमॅट. निळ्या पट्टीच्या डिस्कला हात लावू नका, मामा. तिथे फॉरमॅट दाबलंत तर सगळं पुसलं जाईल."

भाऊंनी चष्मा पुसला. काळी पट्टी कुठली, डिस्क केवढी, पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, आणि मग बटण दाबलं. थोड्या वेळात नवी डिस्क उघडली, रिकामी.

आता आधी काय उतरवायचं? त्यांची बायको ज्योत्स्नाताई मागे येऊन उभी होती. "आपल्या घरचे फोटो घ्या ना पहिले."

"गावाचे होऊ दे. लोक विश्वासाने ठेवून गेलेत. आपले शेवटी घेतो."

एकेका खेड्याचं फोल्डर उतरत गेलं. घरचं फोल्डर लावलं आणि जुन्या डिस्कने एक लांब घरघर केली. कॉम्प्युटर बंद पडला. ती डिस्क पुन्हा सुरू झालीच नाही. नूतनने ती धुळ्याला जाणकारांना दाखवली. त्यांनीही हात टेकले.

लेक दिपमालाचं रांगणं, तिचा शाळेचा पहिला दिवस, सगळं गेलं. गावभरच्या लोकांना फोटो छापून देणाऱ्या भाऊंनी घरचे मात्र कधी छापलेच नव्हते. ज्योत्स्नाताई भांडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "लोकांचे राहिले, ते बरंच झालं. पण माझं ऐकायला हवं होतं तुम्ही." कितीतरी दिवस भाऊंना जेवण गोड लागलं नाही.

पुढे ती दोघं दोंडाईच्याला तिच्या भावाकडे गेली. त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत ज्योत्स्नाताईच्या कडेवर दिपमाला होती. अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड गेलेला. भाऊंनी अल्बम खिडकीपाशी नेला. ज्योत्स्नाताईने पान दोन्ही हातांनी सपाट धरलं, आणि त्यांनी कॅमेरा उचलला.