ओला रंग

बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना देणाऱ्या वहिनींचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. घरीही त्यांच्या तोंडाला कुलूप नसे. नवरा बिचारा हूं हूं करत घड्याळं दुरुस्त करी. एके दिवशी सूचना देता देता तो आवाजच बसला. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक शब्दसुद्धा नाही."

वहिनी सैरभैर झाल्या. तेव्हा नणंद धावून आली. तिची नाटकमंडळी एक मूकनाटक करत होती. चित्रांच्या प्रदर्शनात दीडशहाण्या रसिकांची कशी तारांबळ उडते, त्याची ती गंमत.

"वहिनी, आमचं चित्र बाळंतपणाला माहेरी गेलंय. तू चौकटीत उभी राहा."

वहिनींनी छातीवर बोट ठेवलं. मी?

"मग कोण! बोलायचं नाही, हलायचं नाही. तुला तसंही बोलायला बंदीच आहे."

पहिल्या प्रयोगाला चौकटीत पिवळसर उजेड पडला आणि वहिनींना वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी उभ्या आहोत. वर कुठेतरी हशाच्या लाटा फुटताहेत. मिशा लावलेली नणंद भिंग घेऊन त्यांच्या नाकापाशी रांगत आली. एक रसिक चित्र उलटं टांगलंय समजून डोक्यावर उभा राहिला. दुसरा गहिवरून स्वतःच्याच टायला नाक पुसू लागला.

एवढ्यात त्या हशातून एक हसू वेगळं ऐकू आलं. भरल्या घागरीसारखं हिंदकळणारं. नवऱ्याचं! इतकी वर्षं संसार केला, पण हे हसू आपण पुरतं ऐकलंच नाही. त्यावर आपलंच बोलणं चालू असायचं. वहिनींच्या गालावरून पाणी ओघळलं.

नणंदेनं ते पाहिलं. हे काही नाटकात नव्हतं. पण ती कसली चुकते! तिनं बोटानं तो थेंब टिपला, डोळे विस्फारले आणि बोट सगळ्यांपुढे नाचवलं. रंग अजून ओला आहे! रसिकांनी घाईघाईनं हात कोटांना पुसले आणि बोटं वर करकरून चित्राची बोली वाढवली. प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

घरी जाताना नवरा बोलत सुटला. लहानपणी पाळलेल्या घोरपडीबद्दल, दुकानातल्या एका हट्टी लंबकाबद्दल. वहिनी धुक्यातून चालल्यासारख्या सावकाश चालत होत्या, वाट संपू नये म्हणून.

महिन्यानं आवाज परतला, वहिनी पुन्हा गाड्या सोडू लागल्या. पुढे काही महिन्यांनी बाळंतीणही नाटकात परत आली. मग नणंदेनं प्रदर्शनाच्या भिंतीवर वहिनींसाठी दुसरी चौकट टांगली.