बाबांची एक फेरी आणि चार नंबरचं इंजिन

आमच्या ट्रॅकवर दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. जळालेले स्पार्क प्लग आणि किस्से. प्लग निदान डब्यात गप्प पडून राहतात. किस्से मात्र माझा नवरा येईल त्याला चहासोबत वाढतो, आणि दर वेळी माझं काम स्वतःच्या नावावर लावतो! म्हणून म्हटलं, यंदाचे तरी मीच सांगते.

नवा रायपूरच्या रस्त्यावर आमचा गो-कार्टचा लहानसा ट्रॅक आहे. माझा नवरा प्रशांत आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त गुड्डू भैया हे दोघे मालक. मी तिकिटं देते. मेकॅनिक काम सोडून गेला तेव्हापासून इंजिनंही मीच बघते, कारण दोन्ही मालकांकडे इंजिनाबद्दल फक्त मतं आहेत.

आता कार्टचं इंजिन म्हणजे काय, शेतातल्या पंपाला असतं तसलं छोटंसं यंत्र. बटन चालू करायचं आणि दोरी ओढायची. पेट्रोल, हवा आणि ठिणगी मिळाली की ते सुरू होतं. त्याला मूड नसतो, नजर लागत नाही, आणि ते कोणावर रुसत नाही. हे मी आमच्या घरात ओरडून ओरडून सांगितलंय.

यंदा गोष्ट अडली ती बाबांवरून. बाबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, जन्म कोळसा आणि लोखंड ओढण्यात गेला. दिवाळीनंतर थोरले दीर त्यांना आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कायमचं पुण्याला नेणार होते. सामान बांधायला सुरुवात झाली, तेव्हा बाबांनी एकच मागणी केली. "जायच्या आंधी मले एक चक्कर मारू द्या."

बस, एक फेरी! त्यांचे गुडघे मावतील अशी कार्ट आमच्याकडे एकच, चार नंबर. आणि चार नंबर सुरू होईना.

आईंचा तर या फेरीला पहिल्यापासून विरोध. "जिंदगीभर रुळावर चालले, अन् आता बिनरुळाच्या गाडीत काहून बसता जी?" असं म्हणून त्या दर रविवारी आमच्यासोबत ट्रॅकवर यायच्या आणि ट्रॅककडे पाठ करून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या.

*

पहिला रविवार. पावसाळ्यात ट्रॅक बंद असतो, तो नुकताच उघडला होता. बाबा इस्त्रीचा बुशशर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून आले. हेल्मेट घातलं, बसले. प्रशांतने दोरी ओढली. फट् फट्, आणि काही नाही.

मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. पेट्रोलला चक्क वार्निशचा वास! विचारलं, "हे कुठलं पेट्रोल?"

"मे महिन्यातलं. कॅनमध्ये मस्त झाकून ठेवलं होतं," प्रशांत अभिमानाने म्हणाला. "वाया काहून घालवायचं?"

"पेट्रोल म्हणजे लोणचं आहे का, मुरलं की चव यायला?"

टाकी रिकामी केली. कार्ब्युरेटर उघडला तर पेट्रोल जायच्या बारीक भोकात चिकट खळ बसलेली. ती तारेने काढता काढता ऊन उतरलं आणि मग अंधार पडला. आमच्या ट्रॅकवर दिवे नाहीत. वर मान करून बघते तर बाबा अजून हेल्मेट घालून कार्टमध्येच बसलेले. उतरा म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

*

दुसऱ्या रविवारी मी काउंटरवर अडकले होते. एका शाळकरी मुलाचा वाढदिवस होता, गर्दी फार. तिकडे प्रशांत दोरी ओढतोय. ओढून ओढून त्याचा खांदा भरून आला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक पुढे झालं. "भैया, एक बार मैं देखूँ?"

झालं! रायपूरच्या पुरुषाला एखादी न चालणारी गाडी दिसली की त्याला वाटतं ती फक्त त्याच्याच हाताची वाट बघतेय. एकाने ओढली, दुसऱ्याने ओढली. समोसेवाल्याने कढई सोडून येऊन ओढली. वाढदिवसाच्या मुलाचे आजोबा धोतर सावरत आले. रांग लागली हो, रांग! तिकिटाला लागत नाही एवढी. प्रत्येक जण बाही वर सारत यायचा आणि दंड चोळत जायचा, आणि बाबा प्रत्येकाला मान डोलावून "शाबास" म्हणत होते.

मी गर्दीतून वाट काढून पोचले. इंजिनाच्या बाजूला लाल बटन असतं. ते बंद.

"प्रशांत, बटन?"

"मले वाटलं तू चालू केलं असशील."

तोपर्यंत इतक्या जणांनी ओढल्यामुळे आत पेट्रोल साचून प्लग ओला चिंब. तो काढा, पुसा, वाळवा. मधल्या वेळात वाढदिवसाची मुलं ट्रॅकवर सुटली आणि बाबांची फेरी राहिली ती राहिलीच. घरी जाताना प्रशांत म्हणतो कसा, "पण लोकं मदतीले किती धावतात ना!"

*

मग आली विश्वकर्मा पूजा. आमच्याकडे त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. धुवायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. मला ते मनापासून आवडतं. वर्षातून एक दिवस तरी इंजिनाला कोणी सल्ला देत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मुद्दाम बुधवारचे आले, गर्दी नको म्हणून. बाकी सगळ्या कार्ट सुरू झाल्या. चार नंबर नाही! बटन चालू, पेट्रोल ताजं, प्लग कोरडा. मी कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून खाली काचेचा ग्लास धरला. वर पेट्रोल, खाली पाणी. आमटीवर तेल तरंगावं तसं स्वच्छ दिसत होतं.

"टाकीत पाणी कुणी घातलं?"

गुड्डू भैया हाराची फुलं नीट करायला लागला. मी परत विचारलं. तो म्हणाला, "पानी नहीं दीदी, गंगाजल."

"काय?"

"एक ढक्कन ही तो डाला. सब में नहीं, सिर्फ़ चार नंबर में. उसमें बाबूजी बैठेंगे न!"

आता काय बोलणार! माणूस इतक्या प्रेमाने इंजिन बुडवतो की भांडायचीही सोय नाही. तरी मी भांडले. भरपूर भांडले. म्हटलं, बाबांच्या डोक्यावर शिंपडायचं होतं, टाकी काय वाईट करत होती? पण खरं संकट पुढेच होतं. मी ग्लास रिकामा करायला निघाले तर गुड्डू भैया आडवा. "ज़मीन पर मत फेंकना दीदी, पाँव पड़ेगा. तुलसी में डाल दो."

"तुळशीत? पेट्रोल?"

टाकी धुवून होईपर्यंत बाबांची औषधाची वेळ झाली. तो ग्लास अजून ऑफिसच्या कपाटावर झाकून ठेवलेला आहे. त्याच्यासमोर अगरबत्ती लावायला गुड्डू भैयाला मी सक्त मनाई केली आहे.

*

पितृपक्षात आईंनी साफ सांगितलं, या पंधरवड्यात कोणी नव्या वाहनात बसत नाही. बाबा म्हणाले, "मी नवीन नाही, गाडी नवीन नाही." पण चाललं नाही त्यांचं. गिऱ्हाईकंही फिरकत नाहीत तेव्हा. कार्ट तशाच उभ्या राहिल्या.

पंधरवडा संपला आणि बाबा हजर. मी इंजिनाशेजारी पाना घेऊन बसलेली. ते काही सुरू होत नव्हतं. एवढ्यात पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक साहेब उतरले. काळा चष्मा. माझ्याकडे वाकून बघत म्हणाले, "मैडम, मैकेनिक नहीं है क्या?"

"मीच आहे."

ते हसले. हो, हसले! मग मला इंजिन म्हणजे काय ते समजावायला लागले. आत एक पिस्टन असतो म्हणे. मी म्हटलं, असं का. मग त्यांनी निकाल दिला, "स्पार्क नहीं आ रहा." मी म्हटलं, स्पार्क मी आत्ताच पाहिला. "आपने ठीक से नहीं देखा होगा," असं म्हणून त्यांनी प्लगची टोपी काढली, वायरचं उघडं टोक बोटात धरलं आणि प्रशांतला म्हणाले, "खींचो!"

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण प्रशांत आज्ञाधारक आहे, त्याने खेचली.

साहेब जागच्या जागी एवढे उडाले की चष्मा वेगळा आणि ते वेगळे. बाबा शांतपणे म्हणाले, "ठिणगी हाये म्हणजे."

दोष निघाला सायलेन्सरमध्ये. रिकाम्या दिवसांत कुंभारमाशीने तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं, धूर बाहेर जायलाच वाट नाही. मी ते खरवडून काढत होते, तर आई खुर्चीवरून मागे न बघता म्हणाल्या, "पोरगी बाळंतपणाले आली असन बिचारी, अन् तू घर मोडून राहिली तिचं." म्हणजे यातही चूक माझीच! त्या दिवशी मला इतका राग आला की मी पाना फेकला आणि घरी निघून गेले. सांगायला लाज नाही वाटत.

*

नवरात्राच्या शेवटाला मात्र कहर झाला, आणि तो खुद्द बाबांनी केला. त्यांना वाटलं, या पोराबाळांना इंजिन कळत नाही, आपणच बघावं. सकाळी लवकर रिक्षाने ट्रॅकवर गेले. सगळे नट छोट्या हातोडीने ठोकून पाहिले. मग ऑइलची पट्टी काढून बघितली आणि त्यांना ते फार कमी वाटलं. डोंगरगडच्या चढावर गाडी नेलेला माणूस! त्याला पावशेर ऑइल काय दिसणार? तोंडापर्यंत भरलं. वर खालची माती पुसायला कार्ट एका अंगावर तिरकी करून ठेवली.

आम्ही पोचलो तर दोरी जागची हलेना. ऑइल थेट सिलेंडरमध्ये उतरलेलं. प्रशांत गरब्यासाठी नवा कोरा पांढरा कुर्ता घालून आलेला, ट्रॅकवरून थेट तिकडेच जायचं होतं त्याला. मी म्हटलं, प्लग काढलाय, आता बाजूला उभा राहून दोरी ओढ, आतलं ऑइल बाहेर येईल. 'बाजूला' हा शब्द मी नीट उच्चारला होता. हा समोर उभा राहिला.

काळी पिचकारी गळ्यापासून पोटापर्यंत!

प्रशांत हात पसरून उभा. मी डोक्याला हात लावलेला. आणि बाबा मन लावून प्लगच्या भोकात बघत म्हणाले, "अजून एक हात मार. हाये अंदर अजून."

त्या दिवशी मी त्यांच्यावरही चिडले. म्हटलं, बाबा, तुम्हाला फेरी मारायची आहे की नाही? त्यांनी हातोडी रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग मलाच कसंतरी झालं. पुण्याला सोळाव्या मजल्यावर घर आहे दिरांचं. तिथे हातोडीने काय ठोकणार आहेत ते?

*

शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. मी ठरवून टाकलं, आज चार नंबरला माझ्याशिवाय कोणी शिवायचं नाही. प्रशांतला काउंटरवर बसवला. गुड्डू भैयाला फाटकावर. सकाळपासून एकेक गोष्ट तपासली. पेट्रोल, हवा, ठिणगी, ऑइल, बटन. गिऱ्हाईकांना म्हटलं, अर्धा तास ट्रॅक बंद.

बाबा बसले. मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू! काय आवाज होता सांगू. मी नाचायचीच बाकी होते. गुड्डू भैयाने समोर जाऊन हिरवा झेंडा हलवला. आमच्याकडे तसाच हलवतात.

बाबा जागचे हलेनात.

"चला बाबा!" मी ओरडले. त्यांनी हेल्मेटमधून मान हलवली. नाही. मला वाटलं, घाबरले. प्रशांत धावत आला. गुड्डू भैयाने झेंडा आणखी जोरात हलवला. इंजिन तापत होतं, आणि माझं डोकंही. इतके रविवार रक्त आटवलं ते याच्यासाठी?

"बाबा, झेंडी दिसत नाही का?"

"ते समोरची झाली, स्टेशनवाल्याची," बाबा म्हणाले. "मांगून गार्डची कुठं हाये? गार्डनं दाखवल्याबिगर मी गाडी काढली नाही कधी."

प्रशांतने झेंडा हिसकावला आणि कार्टच्या मागे जाऊन उभा राहिला. बाबांनी मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू? गार्ड?" आणि परत समोर बघत बसले.

मी रडकुंडीला आले. इंजिन घरघरत होतं, कोणत्या क्षणी बंद पडेल नेम नव्हता. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठल्या. पदर खोचला. "काय मेलं माणूस हाये! जाता जाताही मलेच उठवते," असं पुटपुटत, चपला फटफटवत त्या कार्टच्या मागे आल्या. प्रशांतने झेंडा पुढे केला तर त्यांनी तो घेतलाही नाही. हिरव्या बांगड्यांचा हात सरळ वर केला आणि हलवला.

बाबांनी मागे एकदा पाहिलं. कार्टला हॉर्न नसतो. त्यांनी तोंडानेच लांबलचक भोंगा दिला, आणि गाडी निघाली.

पहिलं वळण घेऊन बाबा टायरांच्या भिंतीआड गेले. गुड्डू भैया टाळ्या वाजवत होता. प्रशांत डोळे पुसत होता, विचारलं तर धूर गेला म्हणाला. आई तशाच उभ्या, हात वर.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, गेले बाबा. हात खाली घ्या आता."

त्या माझ्यावरच खेकसल्या, "थांब न वं! मालगाडी हाये. डब्बे जाऊन राहिले अजून."