रविवारी दोघींना सुट्टी

नणंदेच्या शेजारच्या शालनचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "वहिनी, ताईंनी अजून दार उघडलं नाही," एवढंच ती म्हणाली. सुलभावन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, रोज सकाळी साडेसहाला दार उघडून पायरीवर बसत. हे आणि मी रिक्षाने भाट्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत शालनच्या नवऱ्याने मागचं दार उघडलं होतं... झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, मानेच्या दुखण्याचा काही संबंध नाही. तिथे उभी असताना मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला, दोन वर्षांपूर्वीचा, अंगात कुठेतरी साठून राहिलेला.

वन्संनी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं मान खाली घालून शिवणयंत्रावर बसल्या. मग कधीतरी त्यांना सुईत दोरा ओवता येईना, स्वतःच्या ब्लाऊजचे हूक लागेनात. एक दिवस बाजारातून घरी आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. आम्ही हसलो, त्याही हसल्या. एमआरआय झाल्यावर हसणं थांबलं. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "पुढचं नुकसान आम्ही थांबवलंय. गेलेलं जेवढं परत येईल, ते व्यायामाने."

तो व्यायाम माझ्या वाट्याला आला. वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. मानेचा पट्टा निघाल्यावर अस्मिता नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची, बाकीचे दिवस मी. कपाळाला तळवा लावून मान न हलवता दाब द्यायचा. खांदे मागे ओढून धरायचे. ताटलीतले वाल एकेक उचलून वाटीत टाकायचे. फरशीच्या रेघेवरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत चालायचं, आणि मी त्यांच्या कमरेला धरून मागून. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा. वाल वाटीत कमी आणि जमिनीवर जास्त पडत. ते वाकून मी वेचायचे. दिवसचे दिवस काही फरक दिसत नसे. माझी दुपारची झोप गेली, मग भजनाला जाणं सुटलं, मग कोणाशी धड बोलणंही.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस मी चारला उठलेच नाही. संध्याकाळी अस्मिताचा फोन आला, "आज झाले का व्यायाम?" मी म्हटलं, "झाले हो, सगळे झाले." वन्सं आतून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खोलीत गेले तर त्या खिडकीचा गज धरून एकट्याच उभ्या होत्या, पाय लटलट कापत होते. मी धावत जाऊन धरलं.

"पडला असतात म्हणजे?"

"पडले असते," त्या म्हणाल्या. मग खाटेवर बसून जरा दम घेतला. "मीना, माझ्यासाठी खोटं बोलू नको गो. कंटाळा आला तर तसं सांग. मलाही येतो. आज सकाळी वाटलं, हे वाल उचलून भिरकावून द्यावेत."

मला रडू फुटलं. त्यांनी हात पुढे केला, पण तो माझ्या डोक्यावर नीट टेकला नाही, कानावर आला. मग आम्ही ठरवलं, रविवारी दोघींना सुट्टी. अस्मिताला विचारलं. ती म्हणाली, "चालेल, पण थोडं चालणं सोडू नका."

म्हणून एका रविवारी शालनच्या नवऱ्याची रिक्षा घेऊन आरे-वाऱ्याच्या समुद्रावर गेलो. वाळू उन्हाने तापली होती. वन्संनी दोघींच्या चपला काढायला लावल्या. माझ्या दंडाला धरून चार पावलं टाकली आणि थांबल्या. "भाजतंय," म्हणाल्या. मी चपला पुढे केल्या तर नको म्हणाल्या. "राहू दे. भाजतंय ते कळतंय मला." तशाच उभ्या राहिल्या. मला मात्र पाय उचलून उचलून ठेवावे लागत होते.

सगळं परत आलं नाही. यंत्रावर त्या पुन्हा बसल्या नाहीत. एकदा साडीला फॉल लावायला घेतला, पाहिला, आणि स्वतःच उसवून टाकला. पण हूक लागायला लागले, चहाचं भांडं धरता येऊ लागलं. आठव्या महिन्यात म्हणाल्या, "आता मी माझ्या घरी जाते." मी "राहा हो" म्हटलं, पण लगेच त्यांची पिशवी भरायला घेतली. ते त्यांच्या लक्षात आलं असणार... भाट्याला त्या चौदा महिने एकट्या राहिल्या.

दिवसकार्याला कोणीतरी म्हणालं, "एवढं सगळं करून काय मिळालं?" चौदा महिने त्या आपला चहा आपण करून प्यायल्या, हे उत्तर मला मागाहून सुचलं. पण ते कोणाला सांगायचं?

आता भाट्याची त्यांची खोली आवरायला मी मधून मधून जाते. काम होत नाही. जरा टेकावं म्हणून खाटेवर पडते आणि गाढ झोप लागते, घरी लागत नाही अशी. परवा डोळे उघडले तर शालन चहा घेऊन उभी. म्हणाली, "दोनदा येऊन परत गेले, वहिनी. उठवावंसं वाटलं नाही." चहा प्यायले, चादर सारखी केली आणि ह्यांना फोन करून सांगितलं, खोली इतक्यात रिकामी करायची नाही.